कोजागरी फक्त स्वतःसाठी: अर्ध्या लिटरचं प्रमाण हवंय

उंबरठा | शुक्रवार, रात्री १०:१२

दसरा झाला, सोमवारी कोजागरी. गेली अकरा वर्षं आमच्या सोसायटीचं बारा लिटर दूध माझ्याच गॅसवर आटतंय. कारण काय, तर आमच्याकडे मोठं पातेलं आहे! मंडळी गच्चीवर गाण्याच्या भेंड्या खेळतात, मी खाली डाव घेऊन उभी. पातेलं वर पोचेपर्यंत साडेअकरा, मग पेले भरा, कुणाला बिनसाखरेचं, कुणाला साय नको. परवा हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की अकरा कोजागऱ्यांत मी चंद्राकडे धड पाच मिनिटंही बघितलेलं नाही.

यंदा मुलगी शिकायला बाहेर, नवऱ्याची रात्रपाळी. मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "यावर्षी मला जमणार नाही." कारण दिलं नाही. तेव्हापासून छातीत धडधडतंय, तो भाग वेगळा.

आता खरा प्रश्न. मला फक्त माझ्यापुरतं दूध करायचंय. बारा लिटरचा अंदाज हातात बसलाय, अर्ध्या लिटरचा नाही. प्रमाण सांगा. आणि त्या रात्री घरात एकटं माणूस निवांत काय काय करू शकतं, तेही सुचवा. दुसऱ्या दिवशी मंगळवार, नऊला ऑफिस आहे, हे ध्यानात ठेवून.

सांजवात | शुक्रवार, रात्री १०:४०

पहिल्यांदा, नाही म्हणालीस त्याबद्दल शाबास गं.

अर्धा लिटर म्हशीचं दूध घे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, त्यामुळे ते लवकर दाट होतं. गाईचं असेल तर धीर जास्त लागेल. जाड बुडाचं पातेलं आधी पाण्याने विसळून घे, पुसू नकोस, मग दूध ओत. उकळी आली की आच मंद, आणि वीस-पंचवीस मिनिटं. साडेतीनशे मिलीच्या आसपास आलं की थांब. बासुंदी नाही करायची, प्यायचं दूध आहे. कडेला जमणारी साय खरवडून आत ढकलत राहायची, सगळी चव तिथे असते.

मसाल्याला दहा बदाम, आठ पिस्ते, चार वेलदोडे, दोन चमचे साखर. बदाम-पिस्ते कोरडेच कढईत जरा गरम कर, पूर्ण गार होऊ दे आणि मग साखरेबरोबर मिक्सर थांबत थांबत फिरव. एकसारखा फिरवलास तर तेल सुटून गोळा होतो. केशराच्या सात-आठ काड्या गरम पळीत क्षणभर ठेवून चुरायच्या आणि चमचाभर कोमट दुधात भिजवायच्या, रंग तिथेच सुटतो. चारोळी घालणार असशील तर आधी एक दाणा चावून बघ. दिवाळीची उरलेली चारोळी हमखास खवट निघते आणि सगळं दूध वाया जातं.

जायफळ मात्र पूड करून नको. सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकून दोन-तीन वळसे उगाळ, बास.

निमपुणेकर | शुक्रवार, रात्री ११:०५

धागा छान. एक शंका: "कोजागरी" की "कोजागिरी"? मूळ "को जागर्ति", म्हणजे कोण जागं आहे, असं लक्ष्मी मध्यरात्री विचारत फिरते, तेव्हा कोजागरीच बरोबर. शीर्षक बरोबर लिहिल्याबद्दल अभिनंदन.

दुसरं म्हणजे, त्या रात्री दुधाबरोबर भेळ, बटाटेवडे खाण्याची जी पद्धत पडली आहे ती आयुर्वेदाच्या दृष्टीने चुकीची. दूध आणि मीठ-आंबट एकत्र हा विरुद्ध आहार.

खारवडी | शुक्रवार, रात्री ११:११

आली भेळ! मी वाटच बघत होते कोण पहिला म्हणतंय.

अहो, आमच्या घरी पन्नास वर्षं भेळ आणि दूध चाललंय. आधी भेळ, मग दोन तास पत्ते, मग दूध. एका घोटात एका घासात कोण खातंय?

निमपुणेकर | शुक्रवार, रात्री ११:१९

दोन तासांचं अंतर असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या गच्चीवर डाव्या हातात भेळेची डिश आणि उजव्या हातात दुधाचा पेला असतो, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

(आणि हो, मीही खाल्ली आहे.)

तांबडीमाती | शनिवार, सकाळी ७:३०

आमच्या कोकणात ही नवान्न पौर्णिमा. दूध आहेच, पण मान नव्या भाताचा. शेतातून लोंब्या आणायच्या, आंब्याच्या पानात भाताची, नाचणीची, वरीची कणसं, जोडीला झेंडू, कुरडूचं फूल असं बांधून दाराला 'नवं' लावायचं. ओटीवर, विहिरीवर, गोठ्यातही बांधतात. नव्या तांदळाची खीर किंवा भात होतो, तो आधी देवाला आणि मग आपल्याला.

उंबरठाताई, एकटीसाठी करायचंय तर खिरीचा विचार करा. मूठभर नवा तांदूळ धुऊन, निथळून, तुपावर जरासा परतायचा आणि भरड वाटून दुधात शिजवायचा. नव्या तांदळाला चिकटपणा जास्त असतो, त्यामुळे खीर आपोआप मिळून येते, आटवत बसायला लागत नाही. गूळ घालायचा असेल तर खाली उतरवून, बोट बुडवता येईल इतकी निवाल्यावर. उकळत्या दुधात गूळ घातला की नासलंच. हे मी सांगतोय कारण माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या नवान्नाला मीच घातला होता, कौतुकाने. बायको अजून विसरलेली नाही.

मुक्कामपोस्ट | शनिवार, सकाळी ९:०२

आमच्याकडे जळगावला भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागरीला उठते. महिनाभर रोज संध्याकाळी गाणी आणि खिरापत, आणि खिरापत काय आहे ते ओळखायचं. डबा हलवून आवाज ऐकायचा, खुळखुळलं की फुटाणे. आई एकदा मुद्दाम शिरा करून डबा गच्च भरायची, हलवला तरी आवाजच नाही, कुणालाच ओळखता यायचं नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येक घरची खिरापत एकत्र यायची आणि वर दूध.

आता मी आणि माझी बहीण दोघी दोन गावांत. गेल्या वर्षी मी फोनवर डबा हलवला आणि तिला ओळखायला लावलं. चकल्या होत्या, तिने बरोबर सांगितलं. ताई, तुमच्या मुलीबरोबर करून बघा.

आकाशवेडा | शनिवार, दुपारी १:१५

जरा आकाशाकडेही बघू या. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, मध्यरात्री डोक्याच्या जरासा दक्षिणेला असतो आणि पहाटे पश्चिमेला उतरतो. तुमची खिडकी किंवा गॅलरी कोणत्या दिशेला आहे त्यावर तुमची वेळ ठरवा. पूर्वेची असेल तर संध्याकाळी सात ते साडेनऊ हा तुमचा वेळ. बाराला तो इमारतीच्या माथ्यावर गेलेला असेल आणि तुम्हाला स्लॅब दिसेल.

आणि एक. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. आपण ट्यूबलाइटच्या उजेडातून थेट गॅलरीत येतो, वर बघतो, "हं, छान आहे" म्हणतो आणि फोटो काढतो. त्याऐवजी घरातले सगळे दिवे घालवून अर्धा तास बसा. मग जमिनीवर स्वतःची सावली दिसते, कुंडीतल्या पानांच्या कडा दिसतात. पौर्णिमेचा उजेड सूर्यप्रकाशाच्या साधारण चार लाखांशच असतो, तरी इतकं दिसतं, ही डोळ्यांची करामत. आमची आजी या उजेडात सुईत दोरा ओवायला लावायची. मला एकदाच जमलंय, आणि तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

गेल्याच महिन्यात, सात सप्टेंबर २०२५ ला, खग्रास चंद्रग्रहण ज्यांनी बघितलं त्यांना वेगळं सांगायला नको.

खारवडी | शनिवार, दुपारी १:४०

ग्रहणावरून आठवलं. २०२३ ला नेमकं कोजागरीच्या रात्री एक वाजून पाच मिनिटांनी ग्रहण लागलं होतं. आमच्या गच्चीवर दोन पक्ष पडले. एक आठ वाजताच दूध पिऊन मोकळा, दुसरा पातेल्यात तुळशीपत्र टाकून बसलेला. तिसरा पक्ष म्हणजे आमचे हे. ते दोन्ही वेळा प्यायले.

साडेतीनचमचे | शनिवार, दुपारी ४:२२

मधुमेहींनी काय करावं यावर कुणी बोलेल का? मी दरवर्षी "साखर नको" सांगून दोन पेले पितो आणि दुसऱ्या दिवशी मीटर वेगळंच बोलतं.

रातराणी | शनिवार, सायंकाळी ६:०८

काका, मी नर्स आहे, म्हणून सांगते. दुधात स्वतःचीच साखर असते, लॅक्टोज, शंभर मिलीला पाच ग्रॅमच्या आसपास. आटवल्यावर पाणी जातं, ती जात नाही, उलट तेवढ्याच पेल्यात जास्त येते. त्यामुळे "बिनसाखरेचं" म्हणजे साखर नसलेलं नव्हे. न आटवता, नुसतं उकळलेलं दूध घ्या, त्यात केशर, वेलदोडा, बदामाची भरड. पेला छोटा. आणि तो रात्रीच्या जेवणातल्या भात-पोळीच्या जागी मोजा, वरून नको. गोळ्या-इन्सुलिन चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

सांजवातताईंच्या जायफळाला माझं अनुमोदन. चिमूटभर सुगंधाला ठीक. पण "झोप छान लागते" म्हणून कुणी चमचा चमचा पूड घालतात, ते करू नका. एक-दोन चमचे पोटात गेले तर मळमळ, धडधड, भ्रम होतो, आणि तो तासन्‌तास टिकतो. आमच्याकडे अशी माणसं आलेली आहेत.

आता दूध चांदण्यात ठेवण्याबद्दल. रागावू नका. ऑक्टोबरची रात्र, उबदार हवा, उघडं पातेलं आणि कोमट दूध, याहून जिवाणूंना दुसरं काय हवं? चंद्रप्रकाशाने ते मरत नाहीत. चंद्र दुधात बघायचा आहे ना, मग गरमागरम दूध रुंद वाडग्यात ओतून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, प्रतिबिंब बघा, प्या. उरलेलं फ्रिजमध्ये. रात्रभर गच्चीवर ठेवून सकाळी प्यायलेल्यांची वरात मंगळवारी आमच्याकडे येते.

निमपुणेकर | शनिवार, सायंकाळी ६:३१

जिवाणूंचं मान्य. पण ऋतूचा विचारही आहेच. पावसाळ्यात पित्त साचतं आणि शरदाच्या उन्हाने उसळतं, असं आयुर्वेद मांडतो, म्हणून या दिवसांत दूध, तूप, तांदूळ, गोड-कडू-तुरट रस सांगितले आहेत. दिवसा उन्हाने तापलेलं आणि रात्री चांदण्याने निवलेलं पाणी, त्याला हंसोदक म्हणतात, तेही शरदातलंच. ऑक्टोबरच्या उकाड्यात डोळे जळजळणं, तोंड येणं, अंगावर पुरळ हे कुणाला होत नाही? कोजागरीचं दूध मला त्या अर्थाने पटतं. रात्रभर उघडं ठेवलेलं नाही पटत, तिथे मी रातराणींच्या बाजूने.

रातराणी | शनिवार, सायंकाळी ६:५०

धन्यवाद! जिवाणू आणि आयुर्वेद एका बाजूला बघून बरं वाटलं.

जागरणाचंही सांगते. पौर्णिमेला झोप उडते ही नुसती समजूत असेल असं मला वाटायचं. पण २०१३ साली बासेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३३ जणांची प्रयोगशाळेतली झोप तपासली, तेव्हा पौर्णिमेच्या आसपास सरासरी वीस मिनिटं कमी झोप दिसली, झोप लागायलाही पाचेक मिनिटं जास्त. २०२१ मध्ये अर्जेंटिनातल्या आदिवासी वस्त्यांवर अभ्यास झाला. तिथे वीज असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही ठिकाणी पौर्णिमेच्या आधीच्या रात्रींत लोक उशिरा झोपत होते. सगळ्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे काही म्हणत नाही. पण सोमवारी झोप नाही आली तर स्वतःवर चिडू नका एवढंच.

उंबरठाताई, निवांत काय करायचं विचारलंत. मी रात्रपाळीहून आल्यावर जे करते ते सांगते. घमेल्यात सोसेल इतकं गरम पाणी, पाय दहा मिनिटं बुडवायचे. पुसून तळव्यांना खोबरेल तेल किंवा तूप आणि काशाची वाटी. आजेसासूबाईंची वाटी आहे माझ्याकडे, तळ गुळगुळीत झालाय. गोल गोल घासायची, पाच मिनिटं एक पाय, पाच मिनिटं दुसरा. वाटीला काळपट लागतं, घाबरू नका, ते तेल आणि धातूचं असतं, "शरीरातली उष्णता बाहेर पडली" वगैरे नाही. पण बरं वाटतं हे मात्र खरं. तेलकट पायांनी फरशीवर चालू नका फक्त. मोजे घाला.

उंबरठा | रविवार, सकाळी ११:००

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! माझी गॅलरी पूर्वेची निघाली. म्हणजे अकरा वर्षं मी ज्या स्वयंपाकघरात उभी होते त्याच्याच शेजारच्या गॅलरीत चंद्र सातलाच येऊन उभा असायचा.

सोसायटीची बातमी: ग्रुपवर चार तास शांतता, मग एकाने लिहिलं, "वहिनी, पातेलं तरी द्याल ना?" पातेलं दिलं. आता खाली तिघं पुरुष बारा लिटर आटवणार आहेत. मला दर अर्ध्या तासाने "दूध किती वेळ ढवळायचं" असे मेसेज येतायत. उत्तर देऊ का?

खारवडी | रविवार, सकाळी ११:०४

नको!!!

सांजवात | रविवार, सकाळी ११:३०

एकच उत्तर दे. "खाली लागलं तर ढवळू नका, वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता." कारण लागलेलं दूध खरवडलं की करपट वास सगळ्या बारा लिटरला. बाकी त्यांचं ते बघतील. माणसं मोठी आहेत.

तांबडीमाती | रविवार, दुपारी १२:१०

आणि पातेलं घासून परत मागा.

एक राहिलं सांगायचं. आमच्याकडे कोजागरीला घरातल्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला ओवाळतात. आश्विनी म्हणतात त्याला. मी थोरला, त्रेपन्न वर्षांचा आहे, अजून आई पाटावर बसवते आणि ओवाळते. धाकटा भाऊ दरवर्षी तीच कुरकुर करतो.

उंबरठा | रविवार, दुपारी १२:२५

मी पण थोरली. आमच्याकडेही होतं हे. लग्नानंतर मी मुलीला ओवाळत आले, मला कुणी ओवाळायचं असतं हे डोक्यातूनच गेलं होतं.

मुक्कामपोस्ट | सोमवार, सायंकाळी ६:४५

आला! पूर्वेला, शेताच्या वर, पिवळाजर्द. थोडे ढग आहेत. ज्यांना दिसतोय त्यांनी हजेरी लावा.

आकाशवेडा | सोमवार, सायंकाळी ६:५२

हजर. क्षितिजाशी मोठा वाटतो तो आपल्या मेंदूचा खेळ. हाताची करंगळी लांब धरून झाकून बघा, आत्ताही झाकला जातो आणि मध्यरात्रीही.

साडेतीनचमचे | सोमवार, रात्री ९:३०

न आटवलेलं, छोटा पेला, पोळ्या दोनऐवजी एक. बायकोने धाग्याची प्रिंट काढून फ्रिजवर लावली आहे. कुणाचे आभार मानू ते कळत नाही.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ७:५०

ऑफिसला निघायच्या आधी लिहिते.

अर्धा लिटर आटवता आटवता मी नेहमीच्या सवयीने मोठा डाव घेतला, तो पातेल्यात मावेना. सव्वासातला दूध झालं. सगळे दिवे घालवले. पहिली दहा मिनिटं काही खास वाटलं नाही, खरं सांगते. हात रिकामे राहिले की काय करायचं तेच कळत नव्हतं. दोनदा उठून ओटा पुसून आले, अंधारात.

मग ढग सरकला आणि तुळशीच्या कुंडीची सावली गॅलरीच्या फरशीवर पडली. ती बघत बसले. आकाशवेडा, तुम्ही म्हणालात तसं पानांच्या कडा दिसतात. रुंद वाडगं नव्हतं म्हणून परातीत थोडं दूध ओतलं, त्यात चंद्र आला. नंतर ते दूध परातीतून पेल्यात ओतताना अर्धं सांडलं.

लेकीला फोन केला, डबा हलवला. तिने "शेंगदाणे" सांगितलं. साबुदाणा होता. मग आईला व्हिडिओ कॉल. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "थांब, निरांजन आणते." म्हणजे तिच्या लक्षात होतं. ऐंशी वर्षांच्या बाईने फोन डब्याला टेकवून ठेवला, अर्धा वेळ मला छतच दिसत होतं, आणि ओवाळलं. वर विचारते, "दूध लागलं नाही ना खाली?"

पायांना तेल, मोजे, साडेदहाला झोपले. जागर्ति वगैरे काही नाही. लक्ष्मी आली असेल तर तिने बेल वाजवली नाही.

आज सकाळी दारात पातेलं ठेवलेलं होतं. घासलेलं, पण तळ काळा. आत चिठ्ठी: "वहिनी, सॉरी. खरवडलं."

त्या तळाचं काय करू? आणि वाटीभर आटीव दूध उरलंय फ्रिजमध्ये, त्याचं काय होईल?

सांजवात | मंगळवार, सकाळी ८:०५

तळाला पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून उकळ, गार होईपर्यंत तसंच ठेव, लाकडी कालथ्याने निघेल. उरलेल्या दुधात संध्याकाळी तुपावर भाजलेल्या शेवया. एक मूठ पुरे, एकटीसाठी.

खारवडी | मंगळवार, सकाळी ८:०९

तळ तू का घासतेस? पातेलं परत पाठव खाली.